'ओरिजिनल' बीटल म्हणजे नक्की कोणती? दुरुस्तीचा इतिहास शोधताना

जुन्या जर्मन गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती वाचायला लागलात की एक शब्द सारखा भेटतो: 'ओरिजिनल'. ओरिजिनल इंजिन, ओरिजिनल रंग, ओरिजिनल सीट. इंजिनावर कोरलेला नंबर कारखान्याच्या नोंदीतल्या नंबराशी जुळला तर किंमत एकदम चढते. फोक्सवॅगन बीटलच्या चाहत्यांमध्ये हा ध्यास जास्तच दिसतो. मागची काच दुभागलेली असेल तर गाडी मार्च १९५३ च्या आधीची, लंबगोल असेल तर १९५३ ते १९५७ मधली, मोठी चौकोनी असेल तर त्यानंतरची, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

माझ्या पीएचडीचा विषय याच गाड्यांचा आहे, पण थोडा तिरका. मालकांनी आणि छोट्या गॅरेजवाल्यांनी बीटल वर्षानुवर्षं कशा चालत्या ठेवल्या, त्यात काय काय बदल केले आणि या सगळ्याचा पुरावा आज कुठे सापडतो, हे मी शोधते आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करत असतील, काही जण सिनॉप्सिस लिहीत असतील. 'छंदाच्या गोष्टीवर संशोधन होतं का?' असं मला अधूनमधून विचारलं जातं. होतं. पण छंद करणाऱ्याचा प्रश्न आणि आपला प्रश्न एक नसतो, हे आधी नीट कळावं लागतं. बीटलच्या बाबतीत या दोन प्रश्नांची टक्कर 'ओरिजिनल' या एका शब्दावर होते, म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

मला म्हणायचंय ते असं: आजच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखी दिसणारी बीटल चाहत्यासाठी सगळ्यात मोलाची असते, पण इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी बऱ्याचदा सगळ्यात मुकी. आणि ती तशी करताना जे पुसलं जातं ते परत मिळत नाही.

कारखान्याची गोष्ट तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, त्यामुळे पटकन सांगते. १९३४ साली जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेनं फर्डिनांड पोर्श यांच्याशी करार केला. मे १९३८ मध्ये हिटलरनं फालर्सलेबेनजवळ कारखान्याची पायाभरणी केली. गाडीची किंमत ठरली ९९० राइशमार्क. लोकांनी दर आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट घेऊन कार्डावर चिकटवायचं, कार्ड भरली की गाडी मिळणार. हिशोब करून बघा, जवळजवळ चार वर्षांचं काम. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी या योजनेत पैसे टाकले आणि त्यातल्या एकालाही त्या राजवटीत गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झालं आणि कारखाना लष्करी वाहनं बनवायला लागला. युद्धाच्या काळात सुमारे २०,००० लोकांना तिथे सक्तीनं राबवलं गेलं. त्यात युद्धकैदी होते, छळछावणीतले कैदीही होते. हान्स मॉम्सेन आणि मानफ्रेड ग्रीगर या इतिहासकारांचा या विषयावरचा जाडजूड ग्रंथ १९९६ साली आला. बचत करणाऱ्यांचा दावा कोर्टात वर्षानुवर्षं चालला आणि १९६१ साली तडजोड झाली: नव्या गाडीवर ६०० मार्कांपर्यंत सूट, किंवा रोख १०० मार्क.

१९४५ नंतर कारखाना ब्रिटिशांच्या ताब्यात गेला, मेजर आयव्हन हर्स्ट यांनी तो पुन्हा सुरू केला, १९४८ पासून हाइनरिश नॉर्डहॉफ यांनी तो वाढवला. पुढे २००३ सालच्या ३० जुलैला मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे शेवटची बीटल तयार झाली तेव्हा एकूण आकडा २ कोटी १५ लाख २९ हजार ४६४ झाला होता.

एवढा इतिहास जवळपास प्रत्येक चाहत्याला पाठ असतो. सक्तीच्या मजुरांचा भाग मात्र गाड्यांच्या मेळाव्यात फार ऐकू येत नाही. पोर्श यांच्या ड्रॉइंगबोर्डवरून गोष्ट थेट नॉर्डहॉफ यांच्या असेंब्ली लाइनवर उडी मारते. ओरिजिनल म्हणजे कारखान्यातून आलेलं, आणि कारखाना म्हणजे स्वच्छ, शिस्तीचा, १९५० च्या दशकातला. सुरुवातीची तारीख निवडतानाच आपण बरंच काही निवडून बसलेलो असतो. पण माझा रोख पुढच्या भागावर आहे, गाडी विकली गेल्यानंतरच्या.

बीटल मालकाच्या हातानं दुरुस्त होत होती, याचं कारण तिच्या रचनेत आहे, म्हणून थोडं यंत्राकडे बघू. इंजिन मागे, चार सिलिंडर आडवे, दोन डाव्या बाजूला, दोन उजव्या. थंड करायला पाणी नाही, रेडिएटर नाही, होज पाइप नाही. एक पंखा हवा मारतो, बस. त्यामुळे थंडीत पाणी गोठायची भीती नाही आणि उन्हाळ्यात रेडिएटर उकळत नाही. पण ही सोय फुकट नव्हती. टॅपेट वेळच्या वेळी सेट करावे लागत. ऑइल जेमतेम अडीच लिटर, आजच्यासारखा कागदी फिल्टर नव्हता, नुसती जाळी. त्यामुळे ऑइल पुन्हा पुन्हा बदलणं भाग होतं. इंजिन गिअरबॉक्सला चार बोल्टांनी जोडलेलं. ते चार सोडले, पेट्रोलची नळी, तारा, केबल काढल्या की इंजिन खाली उतरवता येई. दोन माणसं आणि एक चांगला जॅक असला तर घराच्या अंगणात हे काम होत असे.

आता एक दुखणं सांगते, कारण माझा सगळा मुद्दा त्यात दिसतो. ऑइल थंड करणारा कूलर पंख्याच्या पत्र्याच्या आवरणात, डाव्या बाजूच्या सिलिंडरांच्या वर उभा बसवलेला होता. तीन नंबरच्या सिलिंडरकडे जाणारी हवा आधी या कूलरला अडायची. साहजिकच तो सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जास्त तापायचा आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जळायचा. हे दुखणं मालकांना माहीत होतं, मेकॅनिकना माहीत होतं, आणि कंपनीलाही. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीनं कूलर बाजूला सरकवून त्याला हवेची वेगळी वाट करून दिली. चाहते त्या नव्या आवरणाला 'डॉगहाउस' म्हणतात. मग जुन्या गाड्यांच्या मालकांनी काय केलं? भंगारातून किंवा दुकानातून हे नवं आवरण आणि कूलर आणले आणि आपल्या जुन्या इंजिनावर चढवले.

आता सांगा, ही दुरुस्ती की बदल? १९६५ च्या गाडीवर १९७१ चा भाग बसवला म्हणजे ती ओरिजिनल राहिली नाही. पण तो भाग त्याच कंपनीचा, कंपनीनंच केलेली सुधारणा, आणि त्यामुळे ती गाडी कदाचित आज जिवंत आहे. चाहत्यांच्या स्पर्धेत याचे गुण कापले जातील. इतिहासाच्या दृष्टीनं मात्र तो पत्रा म्हणजे पुरावा आहे: या मालकाला आपल्या इंजिनाचं दुखणं कळलं होतं, बाजारात काय मिळतं हे माहीत होतं, आणि त्याला गाडी दाखवायची नव्हती, चालवायची होती.

दुसरं उदाहरण इंधनाच्या काट्याचं. १९६१ पर्यंत बीटलमध्ये टाकीत पेट्रोल किती हे दाखवणारा काटाच नव्हता. गाडी आचके द्यायला लागली की चालकानं पायानं एक छोटा कॉक फिरवायचा, म्हणजे राखीव पेट्रोल सुरू होई. आपल्याकडच्या स्कूटर-मोटारसायकलवाल्यांना हा 'रिझर्व्ह' चांगला ठाऊक आहे. साहजिकच बाहेरच्या कंपन्यांनी काटे विकायला काढले आणि मालकांनी डॅशबोर्डला भोकं पाडून ते बसवले. रेडिओ, घड्याळ, फुलदाणीसुद्धा! डॅशबोर्डवर लावायची चिनी मातीची छोटी फुलदाणी त्या काळी खूप चालायची. आज एखादी १९५५ ची बीटल रिस्टोर करायला घेतात तेव्हा कारागीर पहिल्यांदा ही भोकं वेल्डिंगनं बुजवतो, घासतो, वर रंग मारतो. काम इतकं सफाईचं असतं की बोट फिरवूनही कळत नाही. त्या भोकांबरोबर एका कुटुंबानं त्या गाडीत काय उणं मानलं, याची एकुलती एक नोंद जाते.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट मात्र इंजिनाच्या नंबराची आहे. फोक्सवॅगननं १९४७ पासूनच अदलाबदलीच्या इंजिनांची व्यवस्था ठेवली होती. तुमचं इंजिन थकलं की ते डीलरकडे द्या, कारखान्यात नव्यानं बांधलेलं दुसरं कमी किमतीत घ्या. तुमचं जुनं इंजिन कारखान्यात जाईल, उघडलं जाईल, दुरुस्त होईल आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसेल. १९५८ मध्ये कासेलजवळच्या बाउनाटालचा कारखाना सुरू झाला तो याच कामापासून. म्हणजे ज्या कंपनीच्या नावानं आज 'जुळणारे नंबर' मागितले जातात, तिनंच इंजिन आणि गाडी यांची जोडी कायमची मानलेली नव्हती. रोज कामावर जाणाऱ्या, भरपूर पळालेल्या बीटलचं इंजिन एकदा तरी बदललेलं असणं ही त्या काळातली नेहमीची गोष्ट होती. नंबर जुळणारी गाडी बहुधा कमी चाललेली, लवकर बंद पडून गोठ्यात उभी राहिलेली किंवा विशेष जपलेली. ती खरी आहे, पण प्रातिनिधिक नाही.

संशोधन पद्धतीच्या पेपरात 'नमुना निवड' वाचताना हे आठवा. दोन कोटींहून जास्त बनलेल्या गाड्यांपैकी ज्या उरल्या त्या योगायोगानं उरलेल्या नाहीत. त्या कुणीतरी उरवल्या, आणि उरवताना काय ठेवायचं, काय टाकायचं हे ठरवलं. वाहनसंग्रहालयात रांगेनं उभ्या असलेल्या चकचकीत गाड्या पाहून त्या काळातल्या रस्त्याचा अंदाज बांधणं म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून कुटुंबाचं रोजचं जेवण ठरवण्यासारखं आहे.

बदल करण्याचा धंदा कसा वाढला, तेही बघण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथे जो व्हिट्टोन नावाचे फोक्सवॅगन डीलर होते. व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो ते व्हॉल्व्ह गाइड झिजले की आख्खं हेड बदलायचं, अशी कंपनीची पद्धत होती. सुटे गाइड मिळत नसत. व्हिट्टोन यांनी जादा मापाचे गाइड करून घेतले आणि हेड वाचवायला सुरुवात केली. १९५० च्या दशकातल्या या कामातून 'एम्पी' ही कंपनी उभी राहिली, आणि पुढे बीटल वेगवान करणाऱ्या सुट्या भागांचं ते अमेरिकेतलं सगळ्यात गाजलेलं नाव झालं. मोटारींच्या मासिकांत एम्पी म्हणजे शर्यत, वेग, क्रोमची चाकं. मुळाशी मात्र एक झिजलेला गाइड आणि न परवडणारं हेड आहे. जर्मनीतही गेरहार्ड ओटिंगर यांची 'ओक्रासा' कंपनी त्याच दशकात दोन कार्बोरेटर आणि वेगळे हेड असलेले संच विकत होती. ३० अश्वशक्तीच्या गाडीत घाटात ट्रकच्या मागे अडकलेल्या माणसाला ते का घ्यावेसे वाटले असतील, हे सांगायला नको.

मग ब्रूस मायर्स. होड्या बनवणारा माणूस. १९६४ मध्ये त्यानं कॅलिफोर्नियात फायबरग्लासची 'मँक्स' बग्गी बनवली. आत यंत्रं बीटलची. नंतरच्या संचांसाठी जुन्या, बहुतेकदा ठोकलेल्या बीटलचा तळ कापून आखूड करायचा, त्यावर हे नवं शरीर बसवायचं. हजारो संच विकले गेले, नकला तर त्याहून कितीतरी जास्त निघाल्या. त्यानं पेटंटसाठी दावा लावला आणि तो हरला. म्हणजे प्रत्येक मँक्ससाठी एक बीटल कापली गेली. 'ओरिजिनल'वाल्यांच्या हिशोबानं ही तोडफोडच. पण २०१४ साली मायर्स यांची ती पहिली लाल बग्गी अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत गेली. आता तिच्यात कुणी बदल केला तर लोक ओरडतील!

आणि सगळेच बदल हौसेचे नसतात. मेक्सिको सिटीत हजारो बीटल टॅक्सी म्हणून धावत. गाडीला दोनच दारं, मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून शिरायचं. टॅक्सीवाल्यांनी चालकाशेजारची सीटच काढून टाकली. झालं, प्रवासी सरळ मागे जाऊन बसतो, सामान मोकळ्या जागेत. या बदलावर कुणी ग्रंथ लिहिलेला नाही, त्याचा कुणी शोधकर्ता नाही. माझ्या मते बीटलच्या इतिहासातला हा सगळ्यात हुशार बदल आहे, आणि तो जपून ठेवलेल्या गाड्यांमध्ये सगळ्यात कमी दिसतो, कारण टॅक्सी भंगारात जातात.

आता पुराव्याकडे येऊ. माझ्यासारख्या विषयात पहिली अडचण हीच की दुरुस्ती कागद मागे ठेवत नाही. कारखान्याकडे उत्पादनाचे आकडे असतात, जाहिरात कंपनीकडे जाहिराती असतात. शनिवारी दुपारी टॅपेट सेट करणाऱ्या माणसाकडे काळे झालेले हात असतात. मग शोधायचं कुठे?

जर्मनीत एक फायदा आहे. तिथे गाडीत महत्त्वाचा बदल केला तर तो तपासणी संस्थेच्या अभियंत्याकडून मंजूर करून गाडीच्या कागदांत नोंदवावा लागतो. नाहीतर गाडी रस्त्यावर आणायचा परवानाच धोक्यात येतो. रुंद चाकं, वेगळं इंजिन, वेगळं स्टिअरिंग, सगळ्याची नोंद. त्यामुळे जुनं 'फाहरत्सोइगब्रीफ', म्हणजे आपल्या आरसी बुकासारखं कागदपत्र, नीट वाचलं तर मालकांची साखळी आणि बदलांची क्रमवारी दोन्ही हाती लागतात. पण २००५ च्या ऑक्टोबरपासून नवं कागदपत्र आलं आणि त्यात शेवटचे दोनच मालक दिसतात. जुनं रद्द केलेलं ब्रीफ मालकानं मागून घेतलं आणि ठेवलं तर ठीक, नाहीतर साखळी तुटली. म्हणून कुणी मालक बोलायला तयार झाला की गाडीच्या आधी मी कागदांची फाइल बघायला मागते. कॅलिफोर्नियातल्या गाड्यांबद्दल असे बारीकसारीक बदलांचे सरकारी कागद मला मिळत नाहीत. तिथे मासिकं, सुट्या भागांचे कॅटलॉग आणि फोटो यांवर भिस्त. दोन देशांची तुलना करताना ही विषमता लक्षात घेतली नाही तर चुकीचा निष्कर्ष निघतो: जर्मनांनी फार बदल केले असं वाटायला लागतं, आणि खरं तर त्यांनी फक्त जास्त नोंदवलेले असतात.

त्याच जर्मन राज्यव्यवस्थेनं 'ओरिजिनल'ची व्याख्याही कायद्यात आणली आहे. १९९७ पासून तिथे ऐतिहासिक वाहनांना नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं. गाडी किमान ३० वर्षं जुनी हवी, चांगल्या आणि मूळ स्थितीत हवी. मग कर ठरावीक दरानं लागतो. कायद्याची भाषा अशी की असं वाहन म्हणजे तांत्रिक सांस्कृतिक वारसा. आणि बदल? त्या गाडीच्या काळाला शोभणारे असतील तर चालतात. गाडीच्या पहिल्या १० वर्षांत होऊ शकले असते का, ही मोजपट्टी बरेचदा वापरतात. म्हणजे १९५६ च्या बीटलला १९५८ चा ओक्रासा संच लावला तर तो वारसा. त्याच गाडीत १९८५ साली एखाद्या विद्यार्थ्यानं दुसऱ्या गाडीच्या सीट बसवून तीन वर्षं युरोप पालथा घातला असेल तर त्या सीट वादात सापडणार. करात सवलत हवी म्हणून पुढचा मालक त्या काढून टाकतो. मला त्या मालकाचा राग येत नाही, त्याच्या जागी मीही कदाचित तेच करेन. पण धोरण पुरावा कसं घडवतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, फीव्हानं, २०१३ च्या सुरुवातीला ट्युरिन सनद स्वीकारली. स्मारकांच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवरून ती बेतलेली आहे. तिचा कल असा की गाडीनं आयुष्यात जे भोगलं, वापराच्या ज्या खुणा तिच्यावर आल्या, त्याही इतिहासाचा भाग मानाव्यात आणि शक्य तिथे नव्यासारखं करण्यापेक्षा जतन करावं. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना यात नवं काही वाटणार नाही. देवळावरचा ऑइलपेंट खरवडायचा का, हा वाद आपण सगळ्यांनी ऐकला आहे. गाड्यांच्या बाजारात मात्र अजून चकचकीत रंगालाच जास्त पैसे मिळतात.

मासिकं हा दुसरा साठा. १९५० पासून निघणारं 'गुटे फार्ट' हे जर्मन मासिक फोक्सवॅगनच्या मालकांसाठीच होतं. आणि मग ते पुस्तक, ज्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही: जॉन म्युर यांनी १९६९ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत प्रसिद्ध केलेली फोक्सवॅगन जिवंत ठेवण्याची मार्गदर्शिका. म्युर अभियंते होते, नोकरी सोडून आलेले. ज्याला पाना धरता येत नाही त्यालाही समजेल अशा बोलक्या भाषेत त्यांनी लिहिलं, पीटर ऍशवांडन यांनी चित्रं काढली, आणि लाखो प्रती खपल्या. पुस्तकाला वायरची बांधणी होती, म्हणजे गाडीखाली झोपून काम करताना ते उघडं सपाट राहतं.

अशी मार्गदर्शिका स्रोत म्हणून कशी वाचायची? इथे जरा सावकाश. मार्गदर्शिका काय करावं हे सांगते; लोकांनी ते केलं असं ती सांगत नाही. पाकशास्त्राच्या पुस्तकावरून घरोघरी काय शिजत होतं हे ठरवता येत नाही, तसंच. पण तिच्यातून दुसरं बरंच कळतं. लेखकानं कुठे थांबून धीर दिला आहे ते बघा. तिथे लोक घाबरत होते. कोणती हत्यारं 'असतीलच' असं धरलं आहे आणि कोणती शेजाऱ्याकडून आणायला सांगितली आहेत ते बघा. त्यावरून वाचकाचं घर दिसतं. एकच पुस्तक पुढच्या आवृत्त्यांत कसं बदललं ते ताडून बघा. आणि जमल्यास जुन्या वापरलेल्या प्रती मिळवा. माझ्याकडच्या एका प्रतीत टॅपेटच्या प्रकरणाची पानं ऑइलनं पारदर्शक झाली आहेत आणि इंजिन पूर्ण उघडण्याच्या प्रकरणाची पानं कोरी करकरीत आहेत. एका प्रतीवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण प्रश्न नक्की मिळतो: स्वतः दुरुस्ती करणारे लोक नेमके कुठे थांबत होते, आणि तिथून पुढे कुणाकडे जात होते? माझं तिसरं प्रकरण या प्रश्नावर उभं आहे.

मुलाखतींबद्दल एक सांगते. चाहत्याला 'तुमच्या गाडीबद्दल सांगा' म्हटलं की तो मॉडेल, वर्ष, रंगाचा कोड सांगतो. तासभर जातो आणि हाती कॅटलॉग लागतो. त्याऐवजी 'ही गाडी शेवटची कुठे बंद पडली?' असं विचारा. मग माणसं येतात: मदतीला आलेला भाऊ, वैतागलेली बायको, रात्री दुकान उघडणारा भंगारवाला, फॅन बेल्ट तुटल्यावर काय काय बांधून बघितलं ते. आणि गाडी उघडायच्या आधीचे फोटो मागा. रिस्टोर केल्यानंतरचे फोटो सगळे दाखवतात, आधीचे फोटो त्यांना लाजिरवाणे वाटतात. आपल्याला हवे असतात ते तेच.

सैद्धांतिक आधार हवा असेल तर डेव्हिड एजर्टन यांचं २००६ सालचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' आधी वाचा. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या बाजूनं लिहिण्याऐवजी वापराच्या बाजूनं लिहिला तर काय दिसतं, हे त्यात आहे. ग्रामीण अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी मोटारीचा वापर शेतातल्या यंत्रांसाठी कसा केला यावरचा रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांचा १९९६ चा लेख छोटा आहे आणि लेख कसा बांधावा हे शिकायलाही उपयोगी आहे. बीटलचा जागतिक इतिहास बर्नहार्ड रीगर यांनी २०१३ मध्ये लिहिला. पुस्तक फार चांगलं आहे, पण त्यात गाडी राष्ट्राचं प्रतीक म्हणून जास्त येते, गॅरेजमधली वस्तू म्हणून कमी. ती फट माझ्या कामाची जागा आहे. तुम्ही पूर्वसंशोधनाचा आढावा लिहाल तेव्हा 'या विषयावर काम झालेलं नाही' असं सरसकट वाक्य टाकू नका. काम कुठवर झालं आहे आणि कुठे थांबलं आहे ते दाखवा.

'पण जर्मन भाषा येत नाही, जर्मनीला जायला पैसे नाहीत' असं वाटत असेल तर तुमच्या गल्लीत बघा. मालवाहू छोट्या गाडीला आपण सरसकट 'टेम्पो' म्हणतो ना, ते हांबुर्गच्या फिडाल उंट झोन या कंपनीच्या गाड्यांचं नाव. त्यांच्या सहकार्यानं १९५८ साली बजाज टेम्पो उभी राहिली आणि तीनचाकी टेम्पो इथे बनू लागले. कंपनीचा इतिहास कागदांत आहे. पण त्या तीनचाकींचे हौदे कुणी वाढवले, कुठल्या गॅरेजमध्ये त्यांची इंजिनं बांधली जात होती, सुटे भाग मिळेनासे झाल्यावर लेथवर काय काय करून घेतलं, हे सांगणारे मिस्त्री आज सत्तरी-ऐंशीत आहेत. यातल्या कुणाचं तोंडी लेखन व्हायचं असेल तर ते येत्या काही वर्षांतच व्हायला हवं.

शेवटी एक, कारण गेल्या पोस्टनंतर दोघांनी हेच विचारलं: मग काय, रिस्टोरेशन करूच नये का? मी असं म्हणत नाही. गंजलेला तळ बदलला नाही तर गाडी रस्त्यावर दोन तुकडे होईल. ब्रेकच्या नळ्या ऐतिहासिक म्हणून तशाच ठेवणं हा वेडेपणा आहे. ज्या मालकांशी मी बोलते त्यांना मी एवढंच सुचवते: उघडण्याआधी प्रत्येक भोकाचा, प्रत्येक ठिगळाचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. रंग खरवडताना एक तळहाताएवढी जागा सगळ्या थरांसकट सोडा. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कुणाला दिसत नाही. काढलेले भाग भंगारात देऊ नका, खोक्यात घाला आणि खोक्यावर गाडीचा चेसिस नंबर लिहा. हॅनोव्हरकडचे एक गृहस्थ यावर खूप हसले होते. मागच्या महिन्यात त्यांनी फोटो पाठवला: बुटांचं जुनं खोकं, आत डॅशबोर्डवरचा बाहेरून बसवलेला इंधनाचा काटा, दोन वाकलेले स्क्रू, आणि काट्याच्या मागे पेन्सिलनं लिहिलेली कुणाची तरी आद्याक्षरं. ती कुणाची, हे आता त्यांना जुन्या ब्रीफमधून शोधायचं आहे. मी त्यांना मालकांच्या यादीची प्रत मागितली आहे.